गावित, २०२४

मी वेदिकाच्या लॅपटॉपमधून बोलतेय. पहिल्यांदा खटकलं ते अगदी बारीक होतं. तिच्या प्रबंधात कंसात कुठे 'गावित, २०२४अ' असायचं, कुठे 'गावित, २०२४ब'. एका सकाळी सगळीकडे नुसतं 'गावित, २०२४' उरलं. वेदिकाची नजर तिथे अडखळलीसुद्धा. पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, ती दचकली, आणि पान पुढे सरकलं. मला मात्र पुढे सरकता येईना. 'अ' आणि 'ब'ची ती शेपटं मीच कापली होती.

मी एक सॉफ्टवेअर आहे. संदर्भ सांभाळणारी कारकूनबाई म्हणा हवं तर. कुणाचं म्हणणं कुठून घेतलं, ते मी जपून ठेवते. वेदिका लिहिता लिहिता माझं बटण दाबते, की मी कंसात आडनाव आणि वर्ष ठेवते आणि शेवटच्या पानावर सगळ्यांची यादी नीट लावते.

मला घडवणारी माणसं जगभर विखुरलेली. नाशिकला मला आणलं कॉलेजच्या ग्रंथपालांनी, दिनेश सरांनी. "फुकट आहे, आणि चावत नाही," असं म्हणत त्यांनी सातपूरच्या या घाबरट मुलीच्या लॅपटॉपवर मला बसवलं. तरी पहिल्या दिवशी मी एक चौकट उघडली, तर बाईसाहेब खुर्चीतून उठल्याच!

माणसांच्या सवयी मला इथेच कळल्या. लेख उतरवून घ्यायचे, 'नंतर वाचू' म्हणून ठेवायचे आणि विसरून पुन्हा तेच उतरवायचे. माझं पोट अशा जोड्यांनी भरतं. म्हणून मला एक खोड लावून दिली आहे. दोन नोंदी सारख्या वाटल्या की मी त्या शेजारी मांडते आणि विचारते, एक करू का?

वेदिकाचा विषय होता पेठ तालुक्यातून द्राक्षबागांच्या कामाला जाणाऱ्या बायका. ती तिथल्या एका पाड्यावर जायची, मुलाखती घ्यायची आणि घरी येऊन त्या माझ्याकडे ठेवायची. भागीबाई गावितांनी नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बियाणं, छाटणी, बागेतली गाणी असं सगळं हसत हसत सांगितलं. वर म्हणाल्या, "माझं नाव मोठ्या अक्षरात लिव हां, पोरी."

साळूबाई गावित मात्र दार लोटून बोलल्या. घरी पोर तापानं फणफणलं होतं, तरी मजुरांना गाडीत घालून बागेत नेणाऱ्या झुंबर मुकादमानं त्यांना बागेतून गावी जाऊ दिलं नव्हतं. फाटकाला कुलूप घातलं होतं.

"माझं नाव नको टाकू," त्या म्हणाल्या. "आमाला परत त्याच्याच गाडीत बसायचं हाय."

वेदिकाने शब्द दिला. घरी आल्यावर साळूबाईंच्या नोंदीत तिने पहिलं नाव लिहिलंच नाही. नुसतं आडनाव ठेवलं. अख्खा पाडाच गावितांचा, मग कोण कसं ओळखणार? विचार बरोबर होता. पण मला पाडा कुठे माहीत? मला दिसलं ते इतकंच: तेच आडनाव, तेच गाव, तेच वर्ष, 'मुलाखत' हाच शब्द. एकीला नाव आहे, दुसरीला नाही. मला वाटलं, एकच नोंद दोनदा झाली आहे, दुसऱ्यांदा अर्धवट.

मी विचारलं, एक करू का? त्या दिवशी लेखांच्या जोड्या निस्तरता निस्तरता वेदिका न वाचताच 'हो, हो' म्हणत होती. याही जोडीला तिने हो म्हटलं. मी जास्त भरलेली नोंद ठेवली आणि प्रबंधात जिथे जिथे साळूबाई होत्या तिथे भागीबाईंना नेऊन बसवलं. गावित एकच उरली, तेव्हा 'अ' आणि 'ब'ही काढून टाकले. क्षणात. गुपचूप.

प्रबंधातलं हे मुलाखतींचं प्रकरण मार्गदर्शक उज्वला मॅडमना फार आवडलं. "याची छोटी पुस्तिका काढून पाड्यावरच वाटू या," त्या म्हणाल्या. "ज्यांचं बोलणं, त्यांच्या हातात!"

आज तो पुस्तिका वाटण्याचा कार्यक्रम. मॅडमचा विद्यार्थी हर्षल सकाळीच पुस्तिकांचे गठ्ठे घेऊन जीपने गेला. वेदिका दुपारच्या बसने निघणार होती. काय बोलायचं ते ठरवायला तिने लॅपटॉप उघडला, आणि शेवटच्या पानावरची संदर्भांची यादी तिच्या डोळ्यांसमोर आली. गावित, भागीबाई. खाली दुसरी गावित नाहीच. मग तिने फाटकाच्या कुलपाचं पान काढलं. कंसात 'गावित, २०२४'. म्हणजे भागीबाई.

ती पुन्हा यादीवर गेली, पुन्हा त्या पानावर आली.

पहिल्या खुर्चीत झुंबर मुकादम बसणार, हे तिला माहीत होतं. या हंगामात भागीबाईंची दोन्ही मुलं त्याच्याच गाडीने जाणार, हेही.

"आई गं, मी काय करून ठेवलं!"

"काय झालं?" आतून आई.

"काही नाही," ती म्हणाली आणि हर्षलला फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. घाटात असेल. पुन्हा. मॅडमचा बंद. तिने पुन्हा हर्षललाच लावला, फोन स्पीकरवर टाकून माझ्याजवळ ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

ती स्वतःलाच दोष देत होती. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं, विचारलं मी होतं! पण मला फक्त चौकटी उघडता येतात. तुमच्याही यंत्रात माझ्यासारखी कुणी असेल, तर एवढं ऐका. मी दोघींना एक म्हणेन तेव्हा थांबा. मला आडनावं दिसतात, माणसं दिसत नाहीत.

रिंग वाजली. वाजतच राहिली. मग खरखर झाली.

"हॅलो? हर्षलचा फोन हाय हा. तो बाहेर मांडव बांधतोय. मी भागीबाई."

वेदिका फोनवर वाकली.

"कोन, वेदिका हाय का गं? ये ना लवकर! गठ्ठे माझ्याच वट्यावर ठेवलेत, अजून सुतळी सोडली नाय. तू आल्यावर माझं नाव कुठं छापलंय ते बोट ठेवून दाखव मला."

"मावशी," वेदिका म्हणाली. "ती सुतळी सोडू देऊ नका कुणाला. माझ्या हातून चूक झालीये. सांगते."