फ्रिजवरचे तीन रंग

संजय गवारे अकोल्याहून पुण्यात शिकायला आला आणि शिकूनसवरून हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर झाला. दोन हजार सातच्या सुमाराला कंपनीने साहेबलोकांना राग आवरायला शिकवण्यासाठी दोन दिवसांचं शिबिर घेतलं, तेही हॉटेलात, जेवणासकट. तिथे शिकलेलं संजयने स्वतःवर नाही, सहा वर्षांच्या मुलीवर वापरलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये त्याने फ्रिजवर तीन रंगांचा तक्ता लावला. हिरवा म्हणजे मन खुशीत, पिवळा म्हणजे थोडं बिनसलंय, लाल म्हणजे राग नाहीतर रडू. मुलीने, म्हणजे अपेक्षाने, रोज संध्याकाळी आपलं चुंबकाचं फुलपाखरू खऱ्या रंगावर ठेवायचं. मुलांना आपल्या मनातलं ओळखता आलं पाहिजे, असं तो बायकोला म्हणाला. कल्याणी बँकेतून दमून आलेली, तिने मान हलवली. कल्पना वाईट नव्हती, हे मान्य करायला हवं.

पण रंग आले होते ऑफिसातून. तिथे दर शुक्रवारी प्रोजेक्टची तब्येत अमेरिकेला कळवायची ती याच तीन रंगांत. लाल कळवला की फोन यायचा: का झालं, कुणामुळे झालं, कधीपर्यंत निस्तरणार. म्हणून शहाणा माणूस लाल कळवत नसे. संजय तर फारच शहाणा होता.

जूनमध्ये अपेक्षाची शाळा दिवसभराची झाली, आणि ती चार महिन्यांची असल्यापासून तिला सांभाळणाऱ्या सुंदराबाईंना निरोप मिळाला. त्या संध्याकाळी फुलपाखरू लालवर गेलं. संजयने मुलीला समोर बसवून कारण विचारलं. सुंदरामावशी पाहिजे, ती म्हणाली. ते आपल्या हातात नाही, मग आपल्या हातात काय आहे, आणि कधीपर्यंत हिरवं होईल, असं अर्धा तास चाललं. सुंदराबाई आपली पिशवी भरत होत्या. त्या दारातूनच बोलल्या.

"सायेब, रडू द्या की लेकराला. रडलं की आपसूक मोकळं हुतंय."

संजय नुसता हसला. या बाईला काय समजावणार, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पिवळं, तिसऱ्या दिवशी हिरवं. संजयने तक्त्यावर एक चांदणी चिकटवली. मग हिरवंच राहिलं, अडीच महिने, आणि चांदण्यांनी फ्रिजचं दार भरून गेलं. ऑफिसात डबा खाताना तो मुलीचं कौतुक सांगू लागला. एवढ्याशा पोरीचा स्वतःवर केवढा ताबा, म्हणायचा. ती हल्ली फारशी बोलत नाही, हेही त्याने ताब्यातच धरलं.

ऑगस्टअखेरच्या एका शुक्रवारी तो बुडत चाललेल्या प्रोजेक्टला हिरवा रंग देऊन लवकर घरी आला. अपेक्षा नुकतीच शाळेतून आली होती, अंगात अजून रेनकोट होता. तिने फुलपाखरू हिरव्यावर ठेवलं. डाव्या हाताने ठेवलं, तेही त्याने पाहिलं, आणि तो चांदण्यांचं पाकीट शोधायला गेला.

थोड्या वेळाने कल्याणी आली. तिने मुलीचा रेनकोट उतरवला तर उजवा हात कोपराखाली सुजून टम्म झालेला. मधल्या सुट्टीत घसरगुंडीवरून पडली होती. वर्गातल्या बाईंना सांगितलं नव्हतं, व्हॅनवाल्या काकांना नाही, घरी तर नाहीच.

शनिवार पेठेतल्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला. "हाड मोडून सहा तास झालेत," ते म्हणाले. "आपल्याला आजच कळलं, हे नशीब म्हणायचं."

डॉक्टरांनी हात सरळ करायला घेतला तशी पोरीने ओठ दाताखाली धरला. डोळे काठोकाठ भरले, पण तिने ते वाहू दिले नाहीत. रड गं बाई, रड, असं कल्याणी म्हणत होती. अपेक्षाने आईकडे पाहिलंच नाही. ती बापाकडे बघत होती.

"बाबा, आज लाल चालेल?"

चालेल म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण त्याचेच डोळे भरून आले, आणि ते तिला दिसू नयेत म्हणून त्याने तोंड फिरवलं. अपेक्षाने थोडा वेळ वाट पाहिली. मग डाव्या हाताने डोळे पुसले.

"बरं," ती म्हणाली, "मग पिवळा."