आत्याबाईची नवी शेपटी

मोची म्हणाला, एकाच बुटाचा तळ इतका झिजलेला पहिल्यांदाच बघतोय. दुसरा पाय कुणाला उसना दिला होता का?

पावांची पोती, काडतुसांच्या पेट्या, तंबू, भुलीचं औषध दिलेलं एक खेचर, कुणा मोठ्या साहेबाचा आंघोळीचा टब. परतीला जखमी. पुन्हा पाव.

पलंगाच्या पायथ्याची फळी निखळली. उजवीकडून.

गवतात एक मोडकं विमान. नाक नाही, इंजिनं नाहीत. शेपटी शाबूत, आत पाखरांचं घरटं.

"मला माझा माणूस धड परत दे. बाकी तुमचं युद्ध तुम्ही बघा."

हे शेवटचं वाक्य हवाई तळाच्या फाटकाशी उभ्या असलेल्या बाईचं. ती वैमानिकाची बायको. ज्याला ती हे म्हणाली तो विमानं दुरुस्त करणारा फिटर, तिचा धाकटा भाऊ. बूट वैमानिकाचा, पलंगही त्याचाच. पाव, खेचर आणि टब ज्यातून गेले ते विमान दोन इंजिनांचं, मालवाहू. तळावर सगळे त्याला आत्याबाई म्हणत. कधी रिकाम्या हाताने यायची नाही आणि कुरकुरल्याशिवाय टेकायची नाही.

युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात तिच्या शेपटीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला. विमानं कमी, घाई फार. ठोकून-ठाकून शेपटी बसवली ती किंचित वाकडी बसली, आणि तेव्हापासून आत्याबाई डावीकडे ओढू लागली. सरळ जायचं तर शेपटीवरच्या सुकाणूचं उजवं पेडल सतत दाबून धरायचं. वैमानिकाने ते धरलं. धुक्यात, गोळीबारात, घास तोंडात असताना. वर्षभर.

"झोपेतसुद्धा दाबतात रे," बहीण म्हणाली. "फळी किती वेळा ठोकायची? मला तर वाटतं सवत शेजारी घेऊन झोपलेय."

"थकलेत गं, ताई."

"ते मला दिसतं. पायात गोळे येतात, उठून भिंत धरून उभे राहतात. तोच गोळा वर उडताना आला म्हणजे? आणि तू कसला फिटर? साऱ्या जगाची विमानं नीट करतोस, घरच्या माणसाला एक सरळ विमान देता येत नाही तुला?"

हे लागलं. लागायचंच होतं.

त्याने गवतातल्या विमानाची शेपटी उतरवली. घरटं अलगद काढून कुंपणावर ठेवलं. जुनी शेपटी सोडवताना बोल्ट असे करकरले की माल चढवणारा गडी पोती टाकून बघायला आला. या गड्याला तराजू म्हणत, कारण पोतं नुसतं उचलून तो वजन सांगायचा. नवी शेपटी बसली. फिटरने दोरी लावून पाहिली. पुन्हा पाहिली. जेवायला गेला, ताटावरून उठून आला आणि पुन्हा पाहिली. सरळ.

"काय मेव्हणे," वैमानिक म्हणाला, "म्हातारपणी आत्याबाईचं रूप पालटलंत. आता ओळख देईल का मला?"

"दाजी, चेष्टा नको. आता ती ओढणार नाही. उजवा पाय मोकळा सोडायचा."

"पाय माझाच आहे. सांगितलेलं ऐकेल."

"आणि नाही ऐकलं तर?"

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. जा, जेवण अर्धं टाकून आलायस."

पहिल्या फेरीत विमान उजवीकडे भरकटत, सावरत, परत भरकटत गेलं. तराजू खाली उतरून म्हणाला, दारू पिऊन बैलगाडी हाकावी तसं. वैमानिकाने समोरच्या पत्र्यावर खडूने लिहिलं: पाय. पुढची फेरी बरी झाली. त्यापुढची सरळ. मग त्याने खडू पुसला. बहिणीने निरोप धाडला, फळी जागेवर आहे, जेवायला ये.

फिटर गेला, जेवला, हसला. पण आत्याबाई उडताना धावपट्टीच्या कडेला उभं राहून सुकाणू बघत राहायची सवय त्याला लागली. ते मधोमध असायचं. रोज मधोमध. तरी तो बघायचा. तराजू म्हणायचा, तुझी दृष्ट लागेल तिला.

त्या सकाळी वारा होता. आत घोंगड्या, औषधांच्या पेट्या, आणि वैमानिकाच्या पाठीमागे तराजू. चाकांनी जमीन सोडली आणि उजवं इंजिन

खोकलं, आणि बंद.

एक इंजिन गेलं की नाक त्या बाजूला वळतं. वळलं. अशा वेळी उलटा पाय द्यायचा, डावा. हे नवशिक्यालाही ठाऊक असतं, वैमानिक तर दुसऱ्यांना शिकवायचा. फिटरने सुकाणूकडे पाहिलं.

ते उजवीकडे गेलं.

"डावा, दाजी," तो म्हणाला. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी बोलावं इतक्या हळू. "डावा."

सुकाणू मधोमध आलं. मग डावीकडे, पूर्ण. तोवर उजवा पंख कुंपणापलीकडच्या नांगरलेल्या जमिनीला लागला होता.

तराजू वाचला. खांदा मोडला. स्ट्रेचरवरून फिटरची बाही धरून म्हणाला, "शेवटी बरोबर पाय दिला रे त्याने. मी बघितलं." वैमानिक वाचला नाही.

चौकशीत ठरलं, इंजिन. खोटं नव्हतं. फिटर तेच घेऊन बहिणीकडे गेला.

"इंजिन बंद पडलं, ताई."

"आणि शेपटी?"

"टिकली."

"सरळ होती?"

"सरळ होती."

"मग खाली बघून का बोलतोयस?"

त्याने सांगितलं. सुकाणू आधी कुठे गेलं, मग कुठे. ती पलंगाच्या कडेवर बसून ऐकत राहिली. मधेच उठली, खिडकी लावली, परत उघडली.

"म्हणजे जुनी शेपटी असती तर तिने आपणहून डावीकडे ओढलं असतं."

"थोडंसं. पुरलं असतं की नाही, नाही सांगता येत."

"मी सांगितलं म्हणून तू केलंस."

"केलं मी."

"मी सांगितलं."

"ताई, बोल्ट माझ्या हाताने—"

"गप्प बस. लहानपणी खाऊत वाटा मागायचास तसा यात मागू नकोस. सगळं माझं आहे."

"सगळं नाही देणार."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तोही हटला नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी पिंप गडगडत नेत होतं. आवाज दूर गेला तरी दोघं तशीच, अर्ध्या-अर्ध्यावर अडून.

लग्नाच्या आधी, हेच विमान नवं होतं तेव्हा, एका दुपारी फिटरने बहिणीला ते दाखवायला आणलं, आणि शिडी चढताना एका अनोळखी वैमानिकाने तिला हात दिला.