आर्डिसचा जांभळा

"ही कोण?" ऑर्व्हल नेसने विचारले.

व्हर्लिनला क्षणभर वाटले, म्हातारा थट्टा करतोय. पण ज्याची बायको परवा गेली आणि उद्या पुरायची आहे, तो माणूस थट्टा कशाला करील? ऑर्व्हल स्टुडिओच्या काउंटरपाशी उभा होता. कोटाची बटणे वरखाली लागलेली, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि आर्डिसचा मोठा फोटो हात लांब करून धरलेला.

"आर्डिस आहे, ऑर्व्हल," व्हर्लिन हळूच म्हणाला. "चर्चच्या जुलैतल्या सहलीतला फोटो. तुम्हीच म्हणालात ना, शवपेटीशेजारी हाच ठेवायचा म्हणून?"

"फोटो तोच आहे. बाई ती नाही."

"म्हणजे?"

"हसू तिचं. कानातलं तिचं. पण ही पांढऱ्या केसांची म्हातारी कोण आणून बसवलीस तू? माझ्या बायकोचे केस पांढरे नव्हते."

व्हर्लिनने फोटो हातात घेतला. आर्डिस तळ्याकाठी बर्चच्या झाडाखाली बसून हसत होती. केस कापसासारखे पांढरे आणि एकेक बट सुटी दिसत होती. सकाळी छपाई करून त्याने हा फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिला होता आणि स्वतःवरच खूश झाला होता.

खूश होण्याला कारण होते. गावात स्टुडिओ एकच, आणि तोही आता नावापुरता. लग्नाबारशाचे फोटो लोक फोनवर काढतात. व्हर्लिनकडे उरली होती ती शाळा संपवणारी मुले, दर काही वर्षांनी निघणारे चर्चच्या कुटुंबांच्या फोटोंचे पुस्तक, आणि शवपेटीशेजारी ठेवायचे फोटो. एवढ्यातही त्याने आपला टेंभा मिरवून घेतला होता. व्हर्लिनचा फोटो म्हणजे स्वच्छ, असे लोक म्हणत, आणि ते ऐकायला तो चर्चमधल्या कॉफीच्या वेळी जरा जास्तच रेंगाळत असे.

स्वच्छ म्हणजे काय, तर त्याचे वैर होते जांभळ्या झालरीशी. उजळ आकाशासमोर काहीही गडद धरा, झाडाची फांदी म्हणा, चष्म्याची काडी म्हणा, फोटोत त्याच्या कडेला जांभळी रेघ उमटते. ती त्या वस्तूची नसते. भिंगातून जाताना सगळे रंग नेमके एकाच जागी पोचत नाहीत. चुकलेला रंग कडेला सांडतो. आर्डिसच्या फोटोत पाठीमागे दुपारचे पांढरेफटक आकाश होते. फांद्यांना जांभळे, चष्म्याला जांभळे, केसांना जांभळे. व्हर्लिनने संगणकावर एक पट्टी सरकवली आणि तिन्ही ठिकाणचे जांभळे एका दमात पुसून टाकले. वर्षानुवर्षे तो फोटो उघडला की पहिले काम हेच करी, डोळे मिटून केल्यासारखे.

"ऑर्व्हल, ते जांभळं भिंगाचं होतं," तो समजावू लागला. "उन्हामुळे येतं. दोष असतो तो."

"दोष?" ऑर्व्हल खुर्चीवर बसला. बराच वेळ त्याने टोपी गुडघ्यावर फिरवली. "दर गुरुवारी ती ट्वायलाकडे जायची, माहीत आहे ना तुला?"

व्हर्लिनला माहीत होते. गावातल्या साठी उलटलेल्या सगळ्या बायका गुरुवारी ट्वायलाच्या पार्लरमध्ये जात आणि पांढऱ्या केसांवर फिकट जांभळे पाणी घेऊन बाहेर येत. पिवळेपणा जावा म्हणून ते घ्यायचे, पण घेता घेता केसांना संध्याकाळच्या आभाळाचा रंग चढे. रविवारी चर्चमध्ये ते सगळ्यांना दिसे आणि कुणालाच दिसत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची. नवऱ्यांनी तर तो विषय काढायचाच नाही, असा या गावचा रिवाज. ऑर्व्हलने अख्खा संसार केला, पण गुरुवारी जेवायला बसताना तो एवढेच म्हणे, "आज छान दिसतेस."

"इस्पितळात सगळे पांढरे झाले," ऑर्व्हल म्हणाला. "कुणी भेटायला आलं की टोपी घालायची. शेवटी शेवटी बोलणंसुद्धा जड जात होतं तिला. तरी एके दिवशी माझा हात धरून म्हणाली, मला पांढरी करून पाठवू नकोस. आमच्या घरात ही गोष्ट पहिल्यांदा बोलली गेली, व्हर्लिन. मी म्हटलं, नाही पाठवणार." त्याने फोटोकडे नुसती मान केली. "आणि तू हे केलंस."

व्हर्लिनला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दर रविवारी आर्डिस त्याच्या पुढच्याच बाकावर बसे. तिच्या मानेवरच्या बटा पाहत त्याने कितीतरी प्रवचने ऐकली होती. डोळ्यांसमोर असलेला रंग त्याने डोळ्यांवर विश्वास न ठेवता पट्टीवर विश्वास ठेवून घालवला होता.

"या इकडे," तो म्हणाला. "मूळ फोटो आहे माझ्याकडे. पुसलेलं परत आणता येतं."

पडद्यावर फोटो उघडला आणि सगळीकडचे जांभळे परत आले. ऑर्व्हल पुढे झुकला, चष्मा नाकावर उतरवला, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा सैल पडला.

"ही बघ. ही माझी."

"पण फांद्या बघा. चष्मा बघा. जांभळं सांडलंय नुसतं. असा फोटो उद्या कसा ठेवायचा?"

"मग फांद्यांचं काढ की! तिचं ठेव."

सांगणे सोपे होते. पट्टीला फांदी कळत नाही आणि आर्डिस कळत नाही. तिला कळते फक्त कड आणि जांभळे, आणि केस म्हणजे तर नुसत्या कडाच. त्यामुळे सुक्याबरोबर ओलेही जळले होते. व्हर्लिनने ती पट्टी बाजूला ठेवली आणि पडद्यावरचा बारीक ब्रश घेतला. फांद्यांवरून एकेक करत तो फिरवला, मग चष्म्याच्या काडीवरून. ऑर्व्हल शेजारी बसून पाहत होता, न्हाव्याच्या खुर्चीशेजारी आपल्या पाळीची वाट पाहणाऱ्या माणसाच्या चिकाटीने.

"तिचं कुठलं आणि भिंगाचं कुठलं, हे कसं ओळखणार तू?" त्याने विचारले.

"भिंग उजेडाच्या कडेलाच खोटं बोलतं," व्हर्लिन म्हणाला. त्याने आर्डिसच्या मानेपाशी बोट ठेवले. तिथे केसांमागे तिची निळी कॉलर होती, आकाश नव्हते. "इथं मागे ऊन नाही. भिंगाला खोटं बोलायला कारणच नाही. तरी इथं जांभळं आहे, बघा. म्हणजे हे तिचं. मी आधी इथं बघायला हवं होतं."

"हवं होतं," ऑर्व्हल म्हणाला. त्याने ते रागाने म्हटले नाही, पण सोडूनही दिले नाही.

तेवढ्यात दार ढकलून ट्वायला आली. खांद्यावर कातडी पिशवी, तिच्यात कंगवे आणि बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या. आर्डिसचे केस शेवटचे बसवायला ती तशीच पुढे जाणार होती. ज्या बाईने जन्मभर केस केले तिनेच शेवटचे करायचे, अशी इथली रीत. कुठली बट कुठे वळवायची हे पाहायला तिला फोटो हवा होता. काउंटरवरचा पांढऱ्या केसांचा फोटो तिने उचलला आणि कपाळावर हात मारला.

"केलंच का तू शेवटी! अरे, तुझं नि माझ्या बायकांचं वाकडं तरी काय?"

"कुठल्या बायकांचं?"

"आता सांगतेच. मेलेलं माणूस मध्ये आलंय म्हणून सांगते. चर्चच्या पुस्तकात तू माझ्या गुरुवारच्या सगळ्या जणींना पांढऱ्याफटक करून टाकलंस. पुस्तक निघालं आणि बायका माझ्याकडे आल्या. ट्वायला, तुझं पाणी पातळ झालं का गं? फोटोत काहीच दिसत नाही! मग मी काय करणार? झाकणभर जास्त घालायला लागले."

पुस्तक निघाल्यापासून पुढच्या बाकांवर केस जरा जास्तच जांभळे दिसू लागले होते, हे व्हर्लिनला अंधुक आठवले. त्याला वाटले होते, चर्चच्या काचा बदलल्यात म्हणून.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय? की व्हर्लिन, आमचा रंग पुसू नकोस? मग रंग आहे हे कबूल करावं लागलं असतं की!"

ऑर्व्हलच्या घशातून एक आवाज आला. तो हसतोय की रडतोय हे दोघांनाही कळेना. बहुधा दोन्ही असावे. ट्वायलाने पिशवी खाली ठेवली आणि ती त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"हा फोटो रविवारचा ना? मग रंग अजून गेला नव्हता, पण गुरुवारइतका ताजाही नव्हता," ती पडद्याकडे पाहत म्हणाली. "हं. बरोबर आहे हा. हाच तिचा."

उरली होती केसांची बाहेरची कड. माथ्यावर, जिथे केस संपून आकाश सुरू होत होते, तिथे एक रेघ गडद होती. व्हर्लिनने ती मोठी करून पाहिली, लहान करून पाहिली. तिथे ट्वायलाच्या बाटलीतला रंग आणि भिंगाने सांडलेला रंग एकमेकांत मिसळले होते. ब्रश हलका फिरवला तर रेघ राहत होती, जरा जोर दिला तर माथ्यावर पांढरे डोकावत होते. आयुष्यभराच्या सवयीने त्याचा हात शिवशिवत होता.

"इथलं किती तिचं, ते मला सांगता येत नाही," तो शेवटी म्हणाला. "कुणालाच येणार नाही."

"मग राहू दे," ऑर्व्हल म्हणाला. "थोडं जास्त झालं तर तिला चालेल. कमी नको."

व्हर्लिनने ब्रश ठेवला. फोटो छापून बाहेर आला तेव्हा कड तशीच होती. फोटोग्राफर म्हणून त्याला ती खटकली आणि माणूस म्हणून त्याने ती तशीच चौकटीत बसवली. ट्वायलाने आपल्या फोनवर त्या फोटोचा फोटो घेतला आणि ती कामाला गेली.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पेटी उघडी होती आणि शेजारी फोटो. व्हर्लिन रांगेत उभा होता. आर्डिसकडे पाहावे आणि मग फोटोकडे पाहावे, तर दोघींत फरक काढता येत नव्हता. लोक पुढे येत, ऑर्व्हलचा हात हातात घेत, ठरलेले दोन शब्द बोलत आणि खाली तळघरात मांडलेल्या जेवणाकडे, हॅम आणि बटाट्यांकडे वळत. कोट नीट, बटणे नीट, ऑर्व्हल ताठ उभा होता.

व्हर्लिनच्या पुढे नात्यातली एक तरुण सून होती, ॲरिझोनाहून विमानाने आलेली. इथली नव्हे, त्यामुळे तिला काही ठाऊक नव्हते. ती फोटोपाशी थांबली.

"अय्या, केसांचा रंग किती गोड आहे!" ती मोठ्याने म्हणाली. "कुठे करून घेत होत्या?"

पुढच्या बाकांवरची गुरुवारची सगळी डोकी जागच्या जागी स्थिर झाली. दाराशी उभ्या ट्वायलाने नजर जमिनीकडे वळवली. ऑर्व्हलने आयुष्यभर चर्चचा हिशेब ठेवला होता. तो माणूस खोटे बोलल्याचे कुणी कधी ऐकले नव्हते.

ऑर्व्हलने फोटोकडे पाहिले. मग त्या पोरीकडे पाहिले.

"कुठेच नाही," तो म्हणाला. "जन्मतःच तसे होते तिचे."

कुणी हसले नाही. पहिल्या बाकावरच्या एका म्हातारीने, जिचे केस आर्डिसपेक्षाही झाकणभर गडद होते, हळूच मान डोलावली.

"हो ना," ती म्हणाली. "आईवर गेली होती."

ऑर्व्हलने तिच्याकडे पाहून मान लववली आणि व्हर्लिनचा हात हातात घेतला.