रेघा बंद

जावयाने आयुष्यात गोल्फची काठी हातात धरली नव्हती. खरं मैदान त्याने पाहिलं होतं ते बसच्या खिडकीतून, तेही कुंपणापलीकडचं. पण टीव्हीवर गोल्फचा गेम खेळताना त्याचं सोवळं असं कडक, की विचारू नका. त्या गेममध्ये चेंडू हळूच ढकलून खड्ड्यात घालायची वेळ आली की गवतावर चौकडीच्या रेघा उमटतात, उतार कुठे आहे ते दाखवणारे ठिपके त्यांवरून सरकतात, चेंडू कसा वळेल तेही आखून मिळतं. ही सगळी मदत त्याने बंद करून ठेवली होती.

“खऱ्या मैदानावर कुणी रेघा मारून ठेवतं का, बाबा?” तो सासऱ्यांना म्हणाला. “उतार आपल्या डोळ्यांनी वाचायचा. खरा खेळ तोच.”

आणि डोळ्यांनी वाचून तो दर रविवारी सपाटून मार खायचा. त्याच्यासारखेच आणखी तिघे शहाणे होते. चौघांचा फोनवर ग्रुप होता आणि कोण किती प्रामाणिकपणे हरलं याची तिथे आठवडाभर चर्चा चालायची.

सासरे म्हणजे फरशी बसवणारे मिस्त्री. चाळीस वर्षं हेच काम. फरशीला गाल टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि सांगायचं, इथे दोन सूत चढलीय. बुडबुड्याची पाणसळ लावून खात्री करणाऱ्याला ते चारचौघांत सोलून काढायचे. लेकीकडे येऊन त्यांना आता आठवडा झाला होता. “कामाला जरा सुट्टी दिलीय,” असं त्यांनी सांगितलं होतं आणि ती शुद्ध थाप होती.

झालं होतं असं, की एका नव्या इमारतीत त्यांनी बसवलेल्या बाथरूममध्ये पाणी भोकाकडे जायचं सोडून दाराशी जाऊन उभं राहिलं. कंत्राटदार बाईंनी त्यांच्यासमोर बादली ओतून दाखवली. मिस्त्री म्हणाले, प्लंबरने भोकच चुकीच्या जागी पाडलंय. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण बाईंच्या ओठांवर आली असणार, पण त्या मोठ्या संयमाच्या. त्या एवढंच म्हणाल्या, “मिस्त्री, यापुढे लेझर लावून काम करायचं. नाहीतर घरी बसायचं.” लेझर म्हणजे भिंतीवर लाल रेघ मारणारं ते डबडं. कालची पोरं ते लावून काम करतात. मिस्त्रींनी थापी, ओळंबा पिशवीत घातला आणि तडक निघाले. काम गेलं याचं त्यांना एवढं वाटत नव्हतं. भीती वेगळीच होती. आपली नजर गेली असेल तर आपल्यात उरलं काय, हा विचार त्यांना खाली बसू देत नव्हता.

जावई चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचं काम करायचा. त्याने भीतभीत म्हणून पाहिलं, “बाबा, एकदा डोळे बघू या का?”

“माझ्या डोळ्यांना हात लावायचा नाही, जावईबापू. तुमचे आधी बघा. वीतभरावरचा खड्डा सापडत नाही तुम्हाला.”

असं म्हणून ते सोफ्यावर सरसावून बसले आणि टीव्हीतल्या हिरवळीकडे बोट दाखवून म्हणाले, “उजवीकडे उतरतंय ते. आंधळ्यालासुद्धा दिसेल.” जावयाने त्या हिशेबाने चेंडू मारला. चेंडू डावीकडे गेला आणि चांगला लांब गेला.

“टीव्ही वाकडा टांगलाय तुम्ही,” मिस्त्री म्हणाले.

जावयाने पाणसळ आणून टीव्हीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध.

“मग भिंत वाकडी असेल.”

त्या दिवशी त्यांचे सहा अंदाज चुकले. संध्याकाळी ते जेवणावरून अर्ध्यात उठले. पुढे चार दिवस त्यांनी ताटात नुसती बोटं फिरवली.

पुढच्या रविवारी मात्र चमत्कार झाला. मिस्त्री म्हणाले, डावीकडे चार बोटं, आणि चेंडू टुपकन खड्ड्यात. म्हणाले, सरळ पण हलक्या हाताने, आणि पुन्हा टुपकन. बारापैकी बारा. रेघा नाहीत, ठिपके नाहीत, पडद्यावर नुसतं हिरवं गवत. मिस्त्रींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी दोनदा भात मागून घेतला आणि लेकीला ऐकवलं, “उद्या जातो त्या बाईकडे. म्हणावं, प्लंबरला बोलवा आणि भोक हलवा.”

लेक नवशिक्यांना गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर लोकांच्या चुका सोसून तिचा चेहरा सहसा हलायचा नाही. तो आता हलला.

जेवणानंतर पुन्हा खेळ सुरू झाला. मिस्त्रींची एक सवय होती. फरशी कितीही मनासारखी बसली तरी उठण्याआधी तिच्यावर तांब्याभर पाणी ओतून बघायचं, मगच हात धुवायचे. त्या बाथरूममध्ये तेवढं राहिलं होतं. एवढ्या लहान जागेत काय बघायचं, अशी मस्ती नडली होती. आता बारा अंदाज बरोबर आल्यावर त्यांचा हात उगाच तांब्यासाठी शिवशिवायला लागला. समोरची हिरवळ डावीकडे इतकी उतरली होती की मांजरीलाही कळावं. चेंडू उजवीकडूनच मारायला हवा होता. मिस्त्री शांतपणे म्हणाले, “डावीकडे मारा. चांगला हातभर.”

जावयाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग मारला. चेंडू डावीकडे निघाला, मध्येच त्याने विचार बदलला, चढ चढून उजवीकडे वळला आणि टुपकन खड्ड्यात पडला.

“जावईबापू, पाणी कधी चढावर जातं का हो?”

जावयाचे कान लाल झाले. खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही, त्याने हातातलं गेमचं यंत्र मांडीवर ठेवून खाली पाहिलं.

“त्याला बोलू नका, बाथरूमचं कळल्यावर मीच सांगितलं होतं,” लेक म्हणाली. “गेममध्ये एक सोय आहे. पडद्यावर काही दिसत नाही, पण कुठेही मारला तरी चेंडू खड्ड्याकडे ओढला जातो. लहान मुलांसाठी असते.”

“आणि तुला बाथरूमचं कुणी सांगितलं?”

“बाईंचा दुसऱ्याच दिवशी फोन आला होता. काळजीने केला होता त्यांनी. बाबा, माझ्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. शिकणाऱ्याला वाटतं, सगळं तोच करतोय. म्हणून तर त्याला धीर येतो.”

“मी काय शिकत होतो?”

“तुम्ही जेवत नव्हता हो,” एवढं म्हणेपर्यंत लेकीला रडू फुटलं.

मिस्त्रींना चीड आली होती, आणि तिच्यावर ओरडायची सोय राहिली नव्हती. त्यांनी मोर्चा जावयाकडे वळवला. “तुमचा तो ग्रुप? त्यांना हे चालतं?”

“नाही चालत. मघाशीच काढून टाकलं मला त्यांनी.”

“त्यांना कुणी सांगितलं?”

“मीच.”

“पण त्यांनी विचारलं होतं का?”

“नव्हतं विचारलं. पण खेळलो ना मी तसं.”

मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिले. एकसुद्धा रेघ न बघता वर्षभर हरत राहिलेला हा माणूस, आणि सासऱ्याने चार घास खावेत म्हणून याने लहान मुलांची सोय लावली, वर स्वतःची चहाडी स्वतःच केली. असला येडा जावई आपल्याला मिळाला याचा मिस्त्रींना एकदम फार आनंद झाला.

“ते बंद करा,” ते म्हणाले. “सगळं. आणि ते यंत्र इकडे द्या. मी मारतो.”

ते नऊ वेळा खेळले. ठळक चढउतार कळत होते, बारीक उतार मात्र दिसतच नव्हता. सगळं गवत एकसारखं सपाट. टीव्हीच्या पुढ्यात जमिनीवर बसून, मान तिरकी करून, एक डोळा मिटून त्यांनी बघितलं. तरी चेंडू जायचा तिकडेच गेला. नवव्यांदा चुकल्यावर त्यांनी भिंतीला दोष दिला नाही. खिशातून फोन काढला, लांब धरून नंबर शोधला आणि लावला.

“बाई, भोक बरोबर जागी आहे,” ते म्हणाले. “माझाच उतार चुकला. उद्या येऊन फरशी उखडतो आणि नवी बसवून देतो. आणि ते लाल रेघेचं डबडं कसं चालवायचं, तेवढं कुणाला तरी मला दाखवायला सांगा.”

पलीकडून बाईंनी विचारलं, “कोण बोलतंय?”