बडीशेप म्हणू नका मला

मी शेपू बोलतोय. हो, तोच. ज्याचं नाव काढलं की अर्धं घर ताटावरून उठतं. उठू दे. मी बोलणार आहे.

माझा जन्म शाळेच्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीशेजारच्या वाफ्यात झाला. त्या वर्षी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, फर्मान काढलं होतं. प्रत्येकाने आपल्या घरच्या स्वयंपाकात पडणारं एखादं सुवासिक रोप लावायचं, वाढवायचं आणि त्यातून एकमेकांची खाद्यपरंपरा समजून घ्यायची. कल्पना चांगली होती. मोठ्या माणसांच्या कल्पना चांगल्याच असतात. घोळ होतो तो ती माणसं स्वतः बघायला आली की.

मला आणलं भिंगरीने. वर्गात एका जागी बसत नाही म्हणून तिचं हे नाव. तिच्या आत्याने चिमूटभर बी रुमालाच्या टोकाला बांधून दिलं आणि बजावलं, "खोल पुरू नकोस गं. वरवर माती भुरभुरव. दडपून ठेवला तर हा उगवत नाही."

मी उगवलो. हिरव्या पिसासारखी बारीक पानं फुटली. दिसायला मी नाजूक आहे, हे मान्य. फक्त दिसायला.

एके दिवशी मोठ्या बाई पाहणीला आल्या. हात पाठीमागे बांधलेले, वाफ्यापासून चांगल्या लांब. वाकणं त्यांच्या पदाला शोभत नसावं. माझ्यासमोर थबकून त्या म्हणाल्या, "वा! बडीशेप! किती नाजूक!"

"बाई, ही बडी..." भिंगरीने तोंड उघडलं.

"मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये. बडीशेप. पाटी लावा."

लागली पाटी. मला असा संताप आला! माझं एक पान चुरगळून नाकाशी धरलं असतं तरी बाईंना कळलं असतं. बडीशेपेशी माझं वैर नाही, लांबच्या नात्यातली आहे ती. पण तिच्या नावावर कौतुक करून घ्यायची वेळ माझ्यावर का यावी?

बाईंपेक्षा जास्त राग आला भिंगरीचा. तिने पुन्हा तोंड उघडलंच नाही.

कारण मला ठाऊक होतं. मधल्या सुट्टीत ती टाकीमागे, भिंतीकडे तोंड करून, घाईघाईने डबा संपवायची. डब्यात उकडलेले बटाटे आणि त्यांवर भरपूर शेपू. एकदा तिने तो डबा वर्गात उघडला होता. तेव्हा टिवटिव नावाच्या मैत्रिणीने नाकाला रुमाल लावून विचारलं होतं, "ए, तुमच्याकडे गवत शिजवतात का गं?" सगळा वर्ग फिदीफिदी हसला होता. आता तीच टिवटिव पाटी वाचून म्हणायची, "अय्या, तुझी बडीशेप काय मस्त आलीय!" भिंगरी नुसती हसायची. मी चडफडत वाढत राहिलो.

मग शाळेत पाहुणे यायचा दिवस उगवला. मुलांनी आपापल्या रोपाचा एकेक पदार्थ अंगणातच मांडायचा होता. भिंगरीला हुकूम झाला, "तू बडीशेपेचं गार सरबत कर. संस्थेच्या अध्यक्षांना गोड आवडतं." मला खुडताना ती कुजबुजली, "आजचा दिवस सांभाळून घे रे."

मी? मी आजवर कुणाला सांभाळून घेतलंय?

साखर, पाणी, बर्फ आणि मी. अध्यक्षांनी ऐटीत मोठा घोट घेतला आणि गाल फुगवून तसेच उभे राहिले. गिळावा तरी पंचाईत, थुंकावा तरी पंचाईत. शेवटी कसाबसा गिळून म्हणाले, "बाई, हे औषध आहे का?"

बाईंनी चाखलं. चेहरा कसनुसा झाला, पण आपलं चुकलं असेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. "बडीशेप बिघडलीय. कीड लागली असणार. माळीमामा, तो वाफा आत्ताच्या आत्ता उपटा!"

बघा हं! चुकल्या बाई आणि उपटायचं मला.

मामांनी माझा बुडखा धरला. मुळं कचकचली, दोन फांद्या मोडल्या. मी मातीला जिवाच्या आकांताने धरून राहिलो. तेवढ्यात भिंगरी धावत आली आणि वाफ्यातच उभी राहिली.

"हात काढा मामा! काही बिघडलेलं नाही. शेपू आहे तो. पहिल्यापासून शेपूच आहे."

"मग इतके दिवस तोंड शिवलं होतंस का?" बाई कडाडल्या.

"बोलायला लागले होते बाई. तुम्ही म्हणालात, मध्ये बोलू नये." ती थांबेना. "नंतर मला लाज वाटली, म्हणून गप्प बसले. आता नाही वाटत. आमच्या घरी हाच खातात. परंपरा बघायचीय ना तुम्हाला? ही घ्या."

आणि तिने सरबताच्या ग्लासांशेजारी आपला डबा उघडून ठेवला. वास दरवळला. मी कसर ठेवली नाही.

"अगं, पाहुण्यांसमोर हे काय!"

"पाहुण्यांसमोरच."

टिवटिव पुढे आली. तिने एक बटाटा उचलून तोंडात टाकला.

"वास येतोच," ती म्हणाली.

"येऊ दे."

"आणि मीठ कमी आहे." असं म्हणत तिने दुसरा उचलला.

मामांनी माझा बुडखा सोडला. अध्यक्षांनी ती संधी साधून आपला ग्लास हळूच शेजारच्या कुंडीत रिकामा केला.

बाईंनी अजून माफी मागितलेली नाही. मागणारही नाहीत. पाटी मात्र गुपचूप काढून नेली. माझा बुडखा आता एका अंगाला कललाय, पानं पिवळी पडत चाललीत, माथ्यावर छत्र्यांसारखे फुलोरे वाळतायत. माझे दिवस भरत आले.

मी तुम्हाला आवडावा अशी माझी विनंती नाही. नका आवडून घेऊ. पण ज्या घरात मी शिजतो, त्या घरच्या पोरीला जेवताना लपायला लावू नका. आणि एखाद्याला नाव द्यायची घाई झाली असेल, तर आधी त्यालाच विचारा.

नाही विचारलंत तरी माझं अडत नाही. बी पिकलंय, वारा सुटलाय, आणि बाईंचा लाडका गुलाबांचा वाफा इथून फार लांब नाही.