सूर्यभानदादाची गादी

माझ्या मुलीचं, कौशल्येचं, बारसं ज्या चैत्रात झालं, त्याच चैत्रात माझा थोरला भाऊ सूर्यभान गाडीखाली सापडला. इंग्रजी सन १८६४. दूर अमेरिकेत लढाई चालली होती म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी न ऐकलेला भाव आला होता. मूर्तिजापूरच्या अलीकडच्या आमच्या गावातून अमरावतीच्या बाजाराला गाड्या निघत. दादाची भरली गाडी नाल्याच्या उतारावर कलंडली ती त्याच्या कमरेवरच. जीव वाचला, पण कमरेखालचं त्याला काही कळेनासं झालं.

ओसरीत बाज टाकून त्याला ठेवला. खाली आईने भरलेली जाड गादी होती. त्याचं सगळं त्याची बायको, पार्बतावहिनी, करत.

वैशाखात लोक जुन्या गाद्या फोडून त्यातला कापूसही विकू लागले. आमच्या घरात कशाची कमी नव्हती. तरी मी दादाला सतरंजीवर सरकवलं आणि त्याची गादी उसवायला बसलो.

"भाऊजी, गादी काहून उसवून राहिले?" वहिनींनी विचारलं.

"नवा कापूस आला का पुन्हा भरू. तवर कुटार भरतो." कुटार म्हणजे बैलांसाठी ठेवलेला तुरीचा भुसा.

"यायच्या अंगाखाली कुटार?"

"त्याले कुठं समजते वहिनी, खाली कापूस हाये का कुटार हाये."

हे मी दादाच्या देखत बोललो. तो आढ्याकडे पाहत हसला. "बराबर हाये. मी आता पोतं झालो. पोत्याले कायची गादी?"

मीही हसलो.

आठ-दहा दिवसांनी वहिनींनी मला बोलावलं. दादाला कुशीवर करून त्यांनी माकडहाडावरचा एक डाग दाखवला. रुपयाएवढा, जांभळट.

"हात लावून पाहा. गरम हाये. बोट दाबलं तरी रंग हालत नाई. अंगाखालची जागा सडून राहिली, भाऊजी. कापूस आना."

मी हात लावला. ती जागा टणक होती, आजूबाजूच्या अंगापेक्षा गरम होती. जुवाखाली बैलाची मान अशीच गरम लागते, आणि तशी लागली की आम्ही त्या बैलाला आठ दिवस जुंपत नाही. मला ओळखू आलं होतं. तरी मी म्हणालो, "पेरण्या होऊ द्या."

वहिनींनी पुन्हा मागितलं नाही. स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या घड्या करून त्या त्याच्याखाली घालत राहिल्या. पावसाळ्यात कुटार ओलं होऊन त्याचे गोळे झाले. ओसरीत वास येऊ लागला तेव्हा मी माझं ताट आत मागवू लागलो. चिखलाचा वास आहे, असं बायकोला सांगितलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढणाऱ्या बैलांच्या मानेला पळसाच्या पानाने तूप-हळद लावतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. मी अंगणात बैलांच्या माना चोळत होतो. दादा बाजेवरून पाहत होता.

"गोवर्धन, तांबड्याले नीट लाव. मांगच्या साली त्याची मान सुजली होती."

"लावतो दादा."

"अन् उरलं त मलेबी लाव. मीबी याच घरचा बैल हाये ना?"

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी दादाला कुशीवर वळवलं, कापड बाजूला केलं आणि मला म्हणाल्या, "या. लावा."

जखम वाटीएवढी खोल होती. माझे हात हळदीने पिवळे होते. मी तसाच उभा राहिलो.

त्या संध्याकाळी मी माझी गादी दादाकडे आणली. हो, माझी गादी शाबूत होती. ती मी विकली नव्हती. वहिनींनी तिच्यात मधोमध खळगा केला, जखम कशालाही टेकू नये म्हणून. पोटऱ्यांखाली उश्या दिल्या, टाचा अधांतरी राहतील अशा. दिवसा मी आणि रात्री वहिनी त्याची कूस बदलू लागलो, कधी डावी, कधी उजवी, कधी पालथा. मीठ घालून उकळलेल्या पाण्याने जखम धुवायची, कोरडं धुतलेलं कापड ठेवायचं, चादर ओली झाली की लगेच काढायची. त्याला दूध आणि वरण भरपूर द्यायचं. वळवताना ओढायचं नाही, उचलायचं, हे मला वहिनींनी दोनदा रागावून शिकवलं.

खुब्यावरही एक लहान जखम झाली होती, ती दसऱ्यापर्यंत भरून आली. मोठीच्या कडेला गुलाबी मांस दिसू लागलं तेव्हा मी गावभर सांगत सुटलो. दिवाळीत त्याला थंडी वाजून ताप आला, आणि जखम पुन्हा काळी पडली.

एका दुपारी मी त्याला वळवत होतो. गादीबद्दल बोलावं असं महिनाभर मनात होतं, तोंड उघडत नव्हतं. तोच म्हणाला, "गोवर्धन, गादी नरम हाये."

त्याला कमरेखाली काही कळत नव्हतं. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मी चादर सारखी करत राहिलो. माफी मागितली नाही. आज इतक्या वर्षांनी ती इथे कागदावर मागतो, पण वाचायला तो नाही, आणि वहिनीही नाहीत.

माझा भाऊ सूर्यभान शके १७८६ च्या कार्तिक वद्य पंचमीला सकाळी वारला. तो एकतीस वर्षांचा होता.