इंचरानं माफी का मागायची?

गदग-बेटगेरीत पार्वतक्काचं भाकरी केंद्र आहे. पुढं दुकान आणि मागच्या खोलीत आम्ही चौघीजणी दुपारभर ज्वारीच्या कडक भाकऱ्या थापतो. कोपऱ्यात टीव्ही असतो आणि त्यावर रोज 'ओंदे सूरु' ही कन्नड मालिका लागते. ओंदे सूरु म्हणजे एकच छप्पर. पण त्या छपराखाली एक दिवस कुणाला सुखाचा गेला असेल तर शपथ.

मालिकेतली सुलोचना तान्ह्या इंचराला दत्तक घेते आणि मग तिला स्वतःचा मुलगा होतो, प्रणव. भांडणाच्या भरात प्रणव बहिणीला म्हणतो, "हे माझं घर आहे, तुला आणलेलं आहे." सोळा वर्षांच्या इंचराला तेव्हा पहिल्यांदा कळतं. दुसऱ्या दिवशी ती जन्म देणाऱ्या आईला शोधायला निघते आणि सुलोचना दारातच बेशुद्ध पडते.

त्या दिवशी आमच्या खोलीत तव्यावरच्या भाकऱ्या करपल्या.

"दूधतूप घालून वाढवली, आणि ही बघा, पिशवी उचलून चालली!" निंबव्वा म्हणाली. आमच्यात ती वयानं मोठी आणि आवाजानंही.

"आणि प्रणव जे बोलला ते?" नव्यानं लागलेली शांता म्हणाली. "त्याच्या थोबाडीत का नाही दिली कुणी?"

"पोटचा आहे तो."

"म्हणून तोंड कसंही सोडायचं?"

हे सगळं शाळा सुटेपर्यंतच चालायचं. मग कुणीतरी "आली गं आली" म्हणायचं आणि घाईघाईनं स्वयंपाकाचा कार्यक्रम लागायचा. कारण पार्वतक्काला अव्वा म्हणणारी तिची मुलगी सौजन्या दत्तक होती. सगळ्या बेटगेरीला ते ठाऊक होतं, पण तिला ठाऊक नाही असं आम्ही धरून चाललो होतो.

एके दिवशी रिमोट पिठात पडला. शांता तो पुसेपर्यंत सौजन्या दारात उभी.

"राहू दे ना," ती म्हणाली. "त्या बाईचा वांगीभात किती दिवस बघायचा?"

शांतानं रिमोट पदराआड लपवला.

"मला माहीत आहे. मी बालवाडीत होते तेव्हाच अव्वानं सांगितलंय. मला माहीत आहे हे तुम्हालाच कुणी सांगितलं नाही." तिनं दप्तर टाकलं आणि पाट ओढून बसली. "आता सांगा, काय झालं? गेली का इंचरा?"

निंबव्वा कुणाला भिणारी नाही. "गेली. बरोबर केलं का तिनं?"

"इतकी वर्षं लपवलं कुणी? तिनं?"

"पण जायचं कशाला? काय कमी होतं तिथं?"

"कमी असेल तरच जायचं का? बघायला जावं की."

"काय बघायला?"

"हेच… नाक कुणासारखं आहे, ते." बोलताना तिचा हात स्वतःच्या नाकावर गेला होता. माझ्या ते लक्षात आलं.

त्यानंतर ती रोज यायची आणि रोज निंबव्वाशी भांडायची. पार्वतक्का पुढं दुकानात गिऱ्हाइकात असायची. तिला वाटायचं, पोरगी गप्पा मारतेय.

मग मालिकेच्या पुढच्या भागाची जाहिरात लागली. इंचरा परत येणार आणि सगळ्या घराच्या पाया पडून माफी मागणार. त्याच आठवड्यात वाहिनीवाल्यांनी आमच्या गावात प्रेक्षकांचा मेळावा ठेवला. पार्वतक्कानं केंद्र बंद ठेवलं आणि आम्ही सगळ्या नटूनथटून गेलो. पार्वतक्काची नणंद चन्नव्वाही आली होती. भाऊ वारल्यापासून भावजयीच्या घरावर आपलंच राज्य आहे असं तिला वाटायचं.

स्टेजवरच्या निवेदकानं विचारलं, "सांगा बघू, इंचरानं माफी मागावी का?"

"मागावी!" सगळा हॉल ओरडला. निंबव्वाचा आवाज त्यात ओळखू येत होता.

"का मागायची?" सौजन्या उठून उभी राहिली. तिच्या हातात माईक आला. "बोलला प्रणव, लपवलं आईनं, आणि पाय कुणी धरायचे? तिनं? विचारलं म्हणून?"

"तुला फार कळवळा दिसतो तिचा," निवेदक हसून म्हणाला.

"मी पण दत्तक आहे."

निवेदकाचा चेहरा एकदम रडवेला झाला. मागं सनईसारखं काहीतरी रडकं वाजायला लागलं. "बाळा, तुझ्या खऱ्या आईला काही सांगायचंय? या कॅमेऱ्यात बघ."

"ते वाजवणं आधी बंद करा," सौजन्या म्हणाली. "खरी आई तिसऱ्या रांगेत बसलीय, मोरपंखी इरकल नेसून. आणि जिनं जन्म दिला तिला बघावंसं मला वाटतं. हो, वाटतं. त्यात चोरी कसली? पण मी तुमच्या कॅमेऱ्यात नाही बोलणार. आणि इंचरानं कुणाचे पाय धरू नयेत."

ती माईक देऊन खाली बसली. कुणी टाळी वाजवली नाही.

चन्नव्वा मात्र थांबली नाही. "ऐकलंस पार्वती? तरी मी सांगत होते, आपल्यातलंच मूल घे. रक्त शेवटी तिकडंच ओढतं."

 सौजन्याला त्या बाईला बघावंसं वाटतं, हे पार्वतक्कानंही पहिल्यांदाच ऐकलं होतं. पण ती उठली. "चन्नक्का, मुलगी माझी आहे. तिला काय वाटतं ते मी आणि ती बघून घेऊ. तुम्ही मध्ये पडायचं कारण नाही."

घरी जाताना मात्र ती आम्हाला मागं टाकून भराभरा पुढं निघून गेली. दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत येऊन स्वतः भाकरी थापायला बसली. इतक्या जोरात थापत होती की भाकऱ्या उचलताना मोडायच्या.

सौजन्या शाळेतून आली, समोर बसली. "अव्वा, बोल काहीतरी. रागावलीस तर रागाव."

"आधी मला सांगायचं नाही? गावाला सांगितलंस, त्या माईकला सांगितलंस!"

"तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस."

"मग रडले असते! माझ्या रडण्याची काळजी तुला कुणी सांगितलीय? मी काय त्या सुलोचनेसारखी दारात आडवी पडणार होते?" आणि ती खरंच रडायला लागली, पिठाचे हात तसेच. सौजन्याही रडली. निंबव्वानं पहिल्यांदाच आपणहून टीव्ही बंद केला.

परीक्षा संपल्यावर त्या दोघी, सौजन्याला जिथून दत्तक घेतलं होतं, त्या संस्थेत गेल्या. सोबत मीही होते. तिथल्या बाईंनी नीट समजावलं. मूल अठराच्या आतलं असेल तर पालकांनाही अर्ज करावा लागतो, आणि जन्म देणाऱ्या बाईची तयारी असेल तरच पुढं जाता येतं. पार्वतक्कानं सही केली. 

उत्तर यायला पावसाळा संपला. जन्म देणारी बाई सापडली होती. बरी होती. पण तिला भेटायचं नव्हतं.

सौजन्यानं दप्तर भिंतीवर फेकलं. "मी काय तिच्याकडं घर मागणार होते? एकदा बघणार होते फक्त!"

"भीत असेल बिचारी," निंबव्वा हळूच म्हणाली. "नवरा असेल, सासर असेल. कुणाला माहीत तरी असेल का?"

"तुम्ही तिची बाजू घेऊ नका!"

"घेऊ दे गं," पार्वतक्का म्हणाली. "तिची बाजू घ्यायला तिथं कुणीच नसेल कदाचित."

त्यावर सौजन्या तिच्यावरच खेकसली आणि दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अठरा पूर्ण झाले की मी परत विचारणार."

"विचार. तेव्हाही मी येईन."

"नाही म्हणाली तरी विचारणार."

"त्यापुढं तिची मर्जी, सौजन्या. ती तिला राहू दे."

 सौजन्याला ते पटलेलं नव्हतं, हे दिसत होतं. अजूनही पटलेलं नाही.

दिवाळीनंतर चन्नव्वाच्या मुलीचं लग्न होतं. निरोप आला: पार्वतीनं एकटीनं यावं. पार्वतक्कानं निरोप्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. लग्नाच्या दिवशी मात्र ती मुलीला घेऊन मांडवात गेली आणि अगदी पुढच्या ओळीत बसली. आम्ही मागं होतो.

वराकडची एक म्हातारी वाकून विचारायला लागली, "ही कोण गं? तोंडावळा तर कुणासारखाच नाही."

पार्वतक्का तोंड उघडणार, तेवढ्यात सौजन्याच बोलली. "मी पार्वतक्काची मुलगी, आजी. तोंडावळा माझा स्वतःचा आहे."

चन्नव्वानं ते ऐकलं. अक्षता वाटता वाटता ती आमच्या ओळीपाशी थांबली. पार्वतक्कानं आधी मुलीची ओंजळ पुढं केली आणि चन्नव्वाकडं बघत राहिली. आजूबाजूचे लोकही बघत होते. चन्नव्वानं ओठ आवळले आणि त्या ओंजळीत अक्षता घातल्या.